हिमोग्लोबिन कमी आहे, म्हणून लोह कमी आहेच असं नाही

पत्र: नमस्कार डॉक्टर. माझ्या धाकट्या भावाला, वय 34, एचआयव्ही आणि फुफ्फुसाचा टीबी असल्याचं एकाच आजारपणात कळलं. टीबीच्या गोळ्या सुरू होऊन नऊ आठवडे झाले. त्या सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, सुरू झाली. सकाळी टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राविरची एकत्र गोळी, रात्री डोलुटेग्राविरची वेगळी गोळी. शिवाय कोट्रायमॉक्साझोल आणि बी-6 चालू आहे. ताप गेला, खोकला बराच उतरला, वजन दोन किलोनं वाढलं. पण हिमोग्लोबिन सुरुवातीला 8.6 होतं, ते आता 8.1 आलंय. जिना चढताना मध्येच बसतो. डॉक्टर लोहाच्या गोळ्या द्यायला तयार नाहीत, ‘थांबू या’ म्हणतात. मला राहवलं नाही, मी स्वतःच लोह आणि कॅल्शियम असलेलं टॉनिक आणलं. विसरायला नको म्हणून गेले दोन आठवडे सकाळच्या एआरटीच्या गोळीबरोबरच देते. घरात सगळे म्हणतात, एवढ्या गोळ्यांनीच त्याचं रक्त आटलं. त्यालाही तसंच वाटतं. मागच्या आठवड्यात त्यानं दोन दिवस टीबीच्या गोळ्या घेतल्याच नाहीत. रिपोर्टमध्ये एमसीव्ही 84, फेरिटिन 640 आहे. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि क्रिएटिनिन ठीक आहे म्हणाले. लोहाची सलाइन लावून घ्यावी का? आमचा रक्तगट एकच आहे, मी माझं रक्त दिलं तर चालेल का? – एक बहीण

ताई, तुमच्या पत्रातली एक गोष्ट आजच बदलायला हवी, म्हणून रक्ताचं सगळं बाजूला ठेवून आधी तिच्याबद्दल बोलतो. ते टॉनिक एआरटीच्या गोळीबरोबर देणं थांबवा.

डोलुटेग्राविरला लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम हे धातू चिकटतात. पोटात दोन्ही एका वेळी गेली की औषध त्या धातूला बांधलं जातं आणि आतड्यातून रक्तात नीट शोषलंच जात नाही. म्हणून नियम असा आहे की डोलुटेग्राविर अशा गोळीच्या किंवा टॉनिकच्या निदान दोन तास आधी घ्यायचं, नाहीतर त्यानंतर सहा तासांनी. जेवणासोबत दोन्ही घेतली तर लोह आणि कॅल्शियमचा हा अडथळा बराच कमी होतो, हेही खरं. पण तुमच्या भावाच्या बाबतीत मी ती सवलत घेणार नाही, कारण त्याच्या डोलुटेग्राविरला आधीच एका बाजूनं गळती लागलेली आहे. टीबीच्या गोळ्यांमधलं रिफाम्पिसिन यकृताला हे औषध भरभर संपवायला लावतं. रात्रीची ती वेगळी गोळी त्यासाठीच आहे. टीबीचे उपचार संपल्यावरही ती आणखी दोन आठवडे चालू ठेवायची असते, कारण रिफाम्पिसिनचा यकृतावरचा परिणाम तेवढे दिवस रेंगाळतो. एकीकडे रिफाम्पिसिन औषध संपवतंय आणि दुसरीकडे टॉनिक ते शोषूच देत नाही, असं झालं तर विषाणूला डोकं वर काढायला जागा मिळते.

घाबरू नका. पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे मोकळेपणानं सांगा: किती दिवस दिलं, कुठलं दिलं, कधी दिलं. बाटलीच सोबत न्या. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची तपासणी, कधी करायची हे ठरवताना त्यांना ही माहिती लागेल. आणि हा नियम टॉनिकपुरता नाही. अ‍ॅसिडिटीची काही औषधं, खनिजं असलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या, कॅल्शियम, सगळ्यांनाच तो लागू आहे. अ‍ॅसिडिटीच्या ज्या औषधांत मॅग्नेशियम किंवा अ‍ॅल्युमिनियम असतं, त्यांना तर जेवणाची सवलतही नाही. यातलं काहीही सुरू करण्याआधी एआरटीच्या डॉक्टरांना किंवा औषध देणाऱ्या फार्मासिस्टला विचारायचं.

आता रक्ताकडे येऊ.

प्रौढ पुरुषात हिमोग्लोबिन 13 ग्रॅमच्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया म्हणतात, गरोदर नसलेल्या स्त्रीत 12 च्या खाली. 8 ते 10.9 हा मध्यम अ‍ॅनिमिया आणि 8 च्या खाली तीव्र. तुमचा भाऊ मध्यमच्या अगदी तळाशी आहे. काळजी करण्यासारखं आहे, पण विरळा मुळीच नाही. एचआयव्ही आणि टीबी एकत्र असलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक जणांचं हिमोग्लोबिन निदानाच्या वेळी कमीच असतं. 8.6 वरून 8.1 झालं, या अर्ध्या ग्रॅमवरून रक्त घसरत चाललंय असा अर्थ लगेच काढू नका. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या यंत्रांवर एवढा फरक सहज येतो. मला त्या अर्ध्या ग्रॅमपेक्षा त्याच रिपोर्टमधल्या दुसऱ्या आकड्यानं जास्त सांगितलं. तो म्हणजे फेरिटिन 640.

फेरिटिन हा शरीरात साठवलेल्या लोहाचा अंदाज देणारा आकडा. निरोगी प्रौढात तो 15 च्या खाली असेल तर लोहाची कमतरता धरतात. जंतुसंसर्ग किंवा शरीरात दाह (आतली सूज, इन्फ्लमेशन) असताना मात्र फेरिटिन आपोआप वर चढतं, म्हणून अशा वेळी जागतिक आरोग्य संघटनेनं ही रेषा 70 वर ठेवली आहे. तुमच्या भावाचं फेरिटिन त्या रेषेच्या कितीतरी वर आहे. म्हणजे त्याच्या शरीरात लोह नाही असं नसून ते अडकून पडलंय. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, 84 आहे. 80 ते 100 ही नेहमीची मर्यादा. लोहाच्या कमतरतेत पेशी सहसा लहान होतात, तसंही इथे झालेलं नाही.

लोह का अडकतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर त्यातच आहे.

आपल्या हाडांच्या पोकळीतल्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास तांबड्या पेशी तयार होतात. एवढ्या पेशींत हिमोग्लोबिन भरायला रोज सुमारे 20 ते 25 मिलिग्रॅम लोह लागतं. अन्नातून मात्र शरीर रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅमच उचलतं. बाकीचं सगळं जुन्या, मोडीत निघालेल्या तांबड्या पेशींमधून परत मिळवलेलं असतं. हे काम मॅक्रोफेज नावाच्या पेशी करतात. म्हातारी तांबडी पेशी गिळायची, तिच्यातलं लोह काढायचं आणि ते पुन्हा रक्तात सोडायचं. सोडण्यासाठी त्यांच्या भिंतीवर फेरोपोर्टिन नावाचं एक दार असतं. आतड्याच्या पेशींनाही तेच दार असतं. अन्नातलं लोह तिथूनच रक्तात येतं.

शरीरात मोठा संसर्ग सुरू झाला की दाहाचे संदेश यकृतापर्यंत जातात आणि यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. हेप्सिडिन ही दारं काढूनच टाकतं. भरलेल्या कोठाराला आतून कुलूप लागावं तसं होतं: लोह आहे, पण बाहेर येत नाही, आणि अस्थिमज्जा उपाशी राहते. शरीर हे मुद्दाम करतं. जंतूंनाही वाढायला लोह लागतं, तेव्हा रक्तातलं लोह आवरून घेणं हा बचावाचा फार जुना मार्ग आहे. पुष्कळ जंतूंच्या बाबतीत तो उपयोगी पडतो.

टीबीच्या जंतूपुढे मात्र हा बचाव अडचणीचा ठरतो, कारण हा जंतू राहतो नेमका मॅक्रोफेजच्या आत. शरीर जिथे लोह कोंडून ठेवतं, तिथेच तो मुक्कामाला असतो. लोह ओढून घेण्यासाठी तो मायकोबॅक्टिन नावाचं स्वतःचं रसायन बनवतो. त्यात एचआयव्हीची भर पडते. विषाणूमुळे दाह धुमसत राहतो आणि अस्थिमज्जेचं कामही मंदावतं. ‘रक्त बनव’ असं सांगणाऱ्या, मूत्रपिंडातून येणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाच्या हाकेला ती नेहमीसारखी प्रतिसाद देत नाही, आणि तयार झालेल्या पेशीही एरवीच्या 120 दिवसांपेक्षा कमी जगतात.

आता लोहाच्या सलाइनचं बघा. तोंडानं दिलेलं लोह आतड्याचं दार बंद असल्यामुळे फारसं आत जाणारच नाही. ते आतड्यात पडून राहील, बद्धकोष्ठता, मळमळ, काळी शौच एवढंच देईल. सलाइनमधून दिलं तर ते आतड्याला वळसा घालून थेट रक्तात जातं. तिथून त्याला उचलतं कोण? मॅक्रोफेजच. म्हणजे जंतू जिथे बसलाय, तिथेच आपण लोह पोचवलं. संसर्ग जोरात असताना लोहाची सलाइन टाळावी असं म्हणतात, त्याच्या मागे हीच भीती आहे. एकोणिसाव्या शतकात त्रूसो या फ्रेंच डॉक्टरांनीही शांत असलेला क्षय लोहाच्या औषधांनी पुन्हा उफाळू शकतो असा इशारा देऊन ठेवला होता. तेव्हा हेप्सिडिन कुणाला ठाऊक नव्हतं, रुग्ण बघून बांधलेला तो अंदाज होता. तुमचे डॉक्टर ‘थांबू या’ म्हणाले ते हयगय म्हणून नव्हे. त्यांनी विचार करून सांगितलं आहे, मीही हेच सांगितलं असतं. मला एवढंच वाटतं की कारण त्यांनी दोन वाक्यांत समजावलं असतं, तर ते टॉनिक घरात आलं नसतं.

फेरिटिन 640 ऐवजी 40 असतं, तर माझं उत्तर वेगळं झालं असतं. 40 हा आकडा लॅबच्या कागदावर नॉर्मल दिसतो, पण टीबी चालू असताना तो लोह खरोखर संपल्याची खूण असू शकतो. मासिक पाळीत फार रक्त जाणाऱ्या स्त्रिया, गरोदर बायका, मूळव्याधीतून किंवा जठरातून रक्त जाणारे, पोटात हुकवर्म असलेले, यांच्यात दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात: लोह अडकलेलंही आणि कमीही. त्यांच्या बाबतीत लोह द्यावं लागतं आणि ते द्यायला हवं. म्हणून हे सदर वाचून कुणी डॉक्टरांनी लिहून दिलेलं लोह बंद करू नये.

ते कुलूप उघडतं टीबीच्या गोळ्यांनी आणि एआरटीनं. जंतू कमी होतात, दाह उतरतो, हेप्सिडिन खाली येतं, दारं पुन्हा तयार होतात आणि अडकलेलं लोह अस्थिमज्जेकडे जायला लागतं. हे आठवड्याभरात होत नाही. पुष्कळांचं हिमोग्लोबिन पहिल्या एक-दोन महिन्यांनंतर वर सरकायला लागतं, आणि पूर्ण भरून यायला टीबीच्या उपचारांचे सहाही महिने जातात, काहींना त्याहून जास्त. तुमच्या भावाचा ताप गेलाय, वजन वाढलंय. दाह उतरत असल्याच्या या खुणा आहेत. रक्त त्यांच्या मागून येतं. पुढे दाह पूर्ण शमल्यावर फेरिटिन पुन्हा बघायचं. तेव्हा ते कमतरतेच्या रेषेखाली आलेलं असेल, तर तोंडानं लोह देण्याची ती योग्य वेळ. आणि तेव्हाही डोलुटेग्राविरपासूनचं अंतर पाळायचंच. समजा त्याची गोळी सकाळी आठला आणि रात्री आठला आहे, तर लोह दुपारी बारा-एकच्या सुमाराला बसतं.

आता घरच्यांच्या म्हणण्याकडे वळतो. ‘गोळ्यांनी रक्त आटलं’ हे मी हसण्यावारी नेणार नाही, कारण काही औषधांनी तसं खरोखर होतं. एआरटीतलं झिडोव्हुडिन अस्थिमज्जेला दाबतं, म्हणून हिमोग्लोबिन आधीच कमी असलेल्याला ते द्यायचं टाळतात. ते तुमच्या भावाला नाहीच. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत लिनेझोलिड देतात, त्यानंही रक्त आणि प्लेटलेट उतरतात, आणि ते चालू असेपर्यंत रक्ताची तपासणी नियमानं करावी लागते. तेही त्याला नाही. टीबीच्या गोळ्यांमधलं आयसोनियाझिड बी-6 जीवनसत्त्व खर्ची घालतं आणि क्वचित त्यातून अ‍ॅनिमिया होतो, पण त्याला बी-6 चालू आहे. कोट्रायमॉक्साझोल रक्त बनवायला लागणाऱ्या फोलेट या जीवनसत्त्वाच्या वाटेत येतं, आणि ज्यांच्यात जी-6-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी त्यानं फुटू शकतात. ही शक्यता डॉक्टरांच्या कानावर घाला, पण ते औषध स्वतः बंद करू नका. एचआयव्ही आणि टीबी एकत्र असताना ते दुसऱ्या जीवघेण्या संसर्गांपासून वाचवतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं तुम्हीच लिहिलं आहे. उपचार सुरू होताना हिमोग्लोबिन 8.6 होतं. म्हणजे टीबीची एकही गोळी पोटात गेलेली नव्हती, तेव्हाच रक्त एवढं कमी होतं. तो पहिला रिपोर्ट शोधून काढा आणि भावासमोर ठेवा. रिपोर्टवरची तारीख आणि गोळ्या सुरू झाल्याची तारीख त्याला स्वतःला वाचू द्या. रक्त गोळ्यांनी आटलं हे कितीही वेळा खोडून काढलंत तरी ते वाद घातल्यासारखं होईल. त्या दोन तारखा त्याला स्वतःला दिसल्या की बोलणं सोपं जाईल.

त्या दोन दिवसांबद्दल त्याला रागावू नका, पण डॉक्टरांना सांगा. गोळ्या मध्येच सोडल्या की जंतू औषधांना निर्ढावण्याचा धोका असतो, हे त्यानं ऐकलंच असेल. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. रिफाम्पिसिन खंड पाडून घेतलं, म्हणजे काही दिवस सोडलं आणि पुन्हा सुरू केलं, असं वारंवार झालं, तर शरीर कधी कधी त्या औषधाविरुद्ध उठतं आणि त्या झटक्यात स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडतं. हे विरळा आहे. पण रक्त वाचवायला म्हणून गोळ्या सोडणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायला हवं, कारण या औषधाच्या बाबतीत रक्ताला धोका नियमित घेण्यापेक्षा धरसोडीनं घेण्यात जास्त आहे. लघवी केशरी होते, ते रिफाम्पिसिनच्या रंगामुळे. त्यात रक्त जात नाही. काळपट, कोलासारखी लघवी, सोबत ताप किंवा कंबरदुखी, डोळे पिवळे, असं मात्र दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

रक्त चढवण्याबद्दल. प्रकृती स्थिर असलेल्या प्रौढात साधारण 7 ग्रॅमच्या खाली गेल्यावर रक्त देण्याचा विचार करतात. हृदयाचा आजार असेल तर ही मर्यादा 8 च्या आसपास धरतात. एक पिशवी रक्तानं हिमोग्लोबिन साधारण एका ग्रॅमनं वाढतं. कारण तसंच राहिलं, तर ते टिकत नाही. तुमचा भाऊ बसल्या जागी ठीक आहे, चालतो, खातो. आज त्याला रक्ताची गरज दिसत नाही. पण आकडा काहीही असो, बसल्या बसल्या धाप लागणं, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, डांबरासारखी काळी शौच, उलटीतून किंवा खोकल्यातून रक्त येणं, यातलं काहीही झालं तर वाट बघायची नाही.

आणि तुमचं रक्त? तुम्ही विचारलंत, यातच तुमचा जीव कुठे अडकलाय ते कळलं. पण रक्तगट जुळला तरी सख्ख्या भावंडाचं रक्त द्यायचं आम्ही टाळतो. जवळच्या नात्यात पेशींची ओळख इतकी सारखी असू शकते की घेणाऱ्याच्या शरीराला देणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी परक्या वाटत नाहीत. त्या तशाच टिकून राहतात आणि उलट त्याच्याच शरीरावर हल्ला चढवतात. असं फार क्वचित होतं, पण झालं तर जवळजवळ नेहमीच जीवघेणं ठरतं. नातेवाइकाचं रक्त द्यायचंच झालं तर आधी त्यावर किरणांची प्रक्रिया करावी लागते. तेव्हा भावाला कधी गरज पडली, तर अनोळखी दात्याचं, रक्तपेढीत तपासलेलं रक्तच बरं.

एवढं सगळं वाचून ‘म्हणजे आता फक्त वाट बघायची’ असं वाटून घेऊ नका. त्याची मला भीती वाटते. एचआयव्ही आहे, टीबी आहे, मग रक्त कमी असणारच, असं म्हणून फाइल मिटवली जाते, आणि त्या ‘असणारच’च्या मागे दुसरं कारण लपून बसतं. या दोन आजारांत ज्यांचं हिमोग्लोबिन फार कमी असतं, त्यांच्या जिवाला धोका जास्त असतो. म्हणून हा आकडा गृहीत धरायचा नसतो. पुढच्या भेटीत तीन गोष्टी विचारा. पहिली, थुंकीची दोन महिन्यांची तपासणी झाली का आणि काय आली? टीबीच हटत नसेल, तर रक्त वाढणार कसं? दुसरी, रेटिक्युलोसाइट काउंट, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या तांबड्या पेशींची मोजणी, करता येईल का? ही अगदी साधी तपासणी आहे आणि माझ्या मते ती फार कमी वेळा सांगितली जाते. अस्थिमज्जा नव्या पेशी बनवतेय की नाही, हे तिच्यातून थेट कळतं. तिसरी, हिमोग्लोबिन पुन्हा कधी बघायचं? मी महिन्याभरात बघितलं असतं, त्रास वाढला तर आधीच.

रेटिक्युलोसाइट वाढलेले असतील, तर रक्त कुठेतरी जातंय किंवा फुटतंय असा अर्थ. मग पेशी फुटल्या की वाढणारे बिलिरुबिन आणि एलडीएच, शौचाची तपासणी, सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची काच बघायची. रेटिक्युलोसाइट अगदीच नसल्यात जमा असतील, तर पार्वोव्हायरस बी-19 आठवायचा. प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसात हा विषाणू तांबड्या पेशींचं उत्पादन जवळजवळ बंद पाडतो, आणि त्यावर इम्युनोग्लोब्युलिनचा (तयार प्रतिपिंडांचा) वेगळा उपचार आहे. बी-12, फोलेट, मूत्रपिंड हेही बघून घेतात. टीबीचे उपचार नीट चालू असूनही तीन-चार महिन्यांत आकडा हलला नाही, किंवा पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही सोबत उतरायला लागल्या, तर अस्थिमज्जेची तपासणी करावी लागू शकते. खुद्द टीबी, दुसरे जंतू किंवा लिम्फोमा हा कर्करोग तिथे जाऊन बसलेले असू शकतात. एआरटी सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत पुन्हा ताप आला, गाठी सुजल्या, तर तेही कळवा. जागी झालेली प्रतिकारशक्ती उरलेल्या जंतूंवर तुटून पडते तेव्हा असं होतं. त्यावर उपचार आहेत, आणि त्यासाठी एआरटी सहसा थांबवावी लागत नाही.

जिना चढताना बसावं लागतं, ते सगळं रक्तामुळेच असेल असं नाही. फुफ्फुसं अजून भरून येतायत, आजारपणात स्नायू झडलेत. पोटभर, प्रथिनं असलेलं जेवण आणि रोज थोडं थोडं वाढवत नेलेलं चालणं, याला पर्याय नाही. रोजच्या गरजेपेक्षा जास्त जीवनसत्त्वं किंवा खनिजं दिल्यानं टीबी लवकर बरा होतो असा पुरावा नाही, तेव्हा आणखी टॉनिक शोधत फिरू नका.

शेवटी तुमच्याविषयी. पत्रात सगळं भावाचं आहे, तुमचं काहीच नाही. तुम्ही एका घरात राहत असाल आणि तुमची टीबीची तपासणी अजून झाली नसेल, तर ती करून घ्या. घरातल्या इतरांची, विशेषतः लहान मुलांचीही. आजार नसेल तरी तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक उपचार देता येतात. भावाच्या पुढच्या तारखेलाच हे विचारून टाका.